पप्पांनी तपासलेलं पान

संगणकवाल्यांची एक खोड असते. प्रोग्रॅम लिहायला रात्रीचा दिवस करतील, पण तो वापरायचा कसा हे चार ओळींत लिहा म्हटलं, की सगळ्यांना अचानक घरची कामं आठवतात. गुरुही त्यातलाच. त्यानं 'ओसरी' नावाचा वेब सर्व्हर लिहिला. म्हणजे काय, तर तुमची वेबसाइट कुणी मागितली की पान काढून त्याच्यापुढे ठेवणारा प्रोग्रॅम. फुकट, आणि आतला सगळा मजकूर उघडा. कुणीही वापरावा, कुणीही दुरुस्त करावा. लिहून झाल्यावर गुरु बंगळुरात नोकरीला गेला आणि माहितीची पानं लिहिणं, चार लोकांना सांगणं, हे सगळं त्याच्या कॉलेजातल्या मैत्रिणीच्या, चैतालीच्या गळ्यात पडलं.

तिला ते आवडायचं. आणि तिच्याकडे एक असा माणूस होता, जो मोठमोठ्या कंपन्यांकडेही नसेल. तिचे वडील, हरिदास. बत्तीस वर्षं सरकारी कचेरीत टंकलेखक. कागदावर आहे तेच टाइप करायचं, आपल्या पदरचं काही घालायचं नाही, हा त्यांचा धर्म. पहिल्याच दिवशी चैतालीनं पानावर लिहिलं होतं, 'इथे तुमचं नाव टाका.' हरिदासांनी 'तुमचं नाव' एवढंच टाकलं आणि एंटर दाबलं.

"पप्पा, तुमचं म्हणजे हरिदास की."

"मग तसं लिव. मी काय मनकवडा हाय व्हय?"

भवानी पेठेतल्या त्यांच्या दोन खोल्यांत दोघं पोट धरून हसली होती. त्या दिवसापासून रिवाज पडला. पान पप्पांच्या हाताखालून गेल्याशिवाय जगापुढे जायचं नाही. चैताली शेजारी गप्प बसायची, पप्पा वाचत वाचत करत जायचे, आणि अडले की बोट ठेवून म्हणायचे, "हितं अडतंय." वाचणारा अडला तर चूक लिहिणाऱ्याची. यावर वाद नाही. ती वाक्य बदलायची आणि कुठे, का बदललं याची तारखेसकट नोंद ठेवायची. अशा कामात ती ठेवावीच लागते.

'ओसरी पहिल्यांदा बसवताना' हे पान सात पायऱ्यांचं. हरिदासांनी ते दोन वर्षांत कितीदा तरी केलं असेल, वीस मिनिटांत, चहा पीत. नवी आवृत्ती निघाली की पुन्हा करायचे.

गेल्या फेब्रुवारीत ते तिसऱ्या पायरीवर अडले. 'फोल्डर उघडा' म्हणजे कुठला, ते कळेना. चैतालीनं नाव घातलं. मार्चमध्ये पुन्हा तिथंच. तिनं वाक्याचे दोन तुकडे केले. मे महिन्यात दुसऱ्या पायरीवर. तिनं चित्रं घातली, अक्षर मोठं केलं, एका ओळीत एकच काम ठेवलं. आपलं लिहिणं इतकं गचाळ होतं, हे इतके दिवस कसं दिसलं नाही, याची तिला लाज वाटायची.

तिकडे लोक पानावर खूश होते. चौदा भाषांत त्याचं भाषांतर झालं. कुठल्या कुठल्या शाळांतून, वाचनालयांतून पत्रं यायला लागली. चैतालीनं जाहिरातीसाठी ओळ लिहिली, 'ज्याला काहीच येत नाही, त्यालाही जमेल', आणि ती सगळीकडे फिरली. गुरुचा फोन आला. "लई भारी झालंय पान. डिसेंबरात बंगळुरात प्रोग्रॅमवाल्यांचा मेळावा हाय. इतकं सोपं कसं लिवलीस, तेवढं सांग येऊन."

मनकर्णाबाई, चैतालीची आई, काही वेगळंच सांगत होती. "अगं, ह्येनी आज दोनदा दूध आणलं. लई इसरायलेत."

"वय झालं की आई," चैताली म्हणायची. नजर स्क्रीनवर.

"परवा नवी पेठेतनं घरी यायला दोन तास लागले त्येनला. पोरी, जरा बघ की माणसाकडं."

ती बघत नव्हती का? रोज तास-तास शेजारी बसून बघत होती. पण बघत होती ती आपलं वाक्य. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो असा.

नोव्हेंबरात हरिदास भाजी आणायला गेले आणि सापडले ते तासाभरावरच्या मोहोळ गावच्या एस.टी. स्टँडवर, हातात रिकामी पिशवी. एका कंडक्टरनं खिशातल्या डायरीतला नंबर बघून फोन केला.

डॉक्टरीणबाईंनी तपासण्या केल्या, हा विसरण्याचा आजार आहे म्हणाल्या, मग विचारलं, "हे साधारण कधीपासून? अंदाजे सांगा."

अंदाजाची गरजच नव्हती. चैतालीनं फोन उघडला आणि नोंदी वाचायला लागली. नऊ फेब्रुवारी, तिसरी पायरी. बावीस मार्च, तिसरी पायरी. चार मे, दुसरी पायरी. अठरा जुलै, एंटर कुठे आहे ते विचारलं.

"इतकं बारीक लिहून ठेवलंय तुम्ही," बाई म्हणाल्या, "मग आणायला नोव्हेंबर का उजाडला? आधी आला असता तर वेग थोडा तरी आवरता आला असता."

"मला वाटलं, माझंच लिहिणं चुकतंय."

बाईंनी कागद ओढून औषधं लिहायला घेतली. चैतालीला वाटलं, यापेक्षा रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

मेळाव्याला ती गेली नाही. पानावरून माझं नाव काढ, एवढं तिनं गुरुला कळवलं. त्याला कारण कळलं तेव्हा त्यानं ते त्याच दिवशी काढलं. पान मात्र आहे तिथंच आहे, लोक रोज वापरतात, आणि त्यात आज कुणीही अडत नाही.

डॉक्टरीणबाईंनी घरातल्या गोष्टी कागदावर लिहून भिंतीला लावायला सांगितल्या होत्या. जानेवारीतल्या एका दुपारी चैतालीनं कागद घेतला. मोठं अक्षर, एका ओळीत एकच गोष्ट. औषध निळ्या डबीत आहे. जेवण झाल्यावर घ्यायचं. मनकर्णा तुमची बायको आहे. ती आत स्वयंपाक करते आहे. शेजारी बसली आहे ती चैताली. ती तुमची मुलगी आहे.

भिंतीला लावण्याआधी तिनं तो कागद त्यांच्या हातात दिला. हरिदासांनी चष्मा पुसला, कागद नीट धरला आणि ओळीखाली बोट धरून, ओठ हलवत, सावकाश वाचत गेले. औषधाला मान हलवली. बायकोच्या ओळीला आत भांड्यांचा आवाज येत होता तिकडे पाहिलं आणि पुन्हा मान हलवली. मग बोट खाली आलं आणि थांबलं. त्यांनी ती ओळ पुन्हा वाचली. शेजारी पाहिलं, तिच्या तोंडाकडे, बराच वेळ. मग कागद तिच्यापुढे सरकवला.

"बाई," ते अदबीनं म्हणाले, "हितं अडतंय."

चैतालीनं पेन उचललं. "माझंच चुकलं, पप्पा. परत लिहिते." आणि कागदावर वाकून बसली, पण त्या ओळीतलं काय बदलावं, ते काही केल्या तिला सुचेना.