वांध्यांच्या धास्तीने भरलेलं डोकं

मी एक जुना, पिवळट पडलेला संगणक आहे, मित्रांनो. विंचूरकडच्या एका कांदा बाजारात १९९७ पासून लिलावाच्या पावत्या काढल्या. आता थकलो आहे, म्हणून थोडक्यात सांगतो.

माझी स्मृती लहान. माझी आज्ञावली ज्या भाषेत होती, ती नाशिकच्या गोरक्षसरांनी स्वतः रचलेली. ट्रॅक्टर आला की स्मृतीत त्याला जागा द्यायची आणि संध्याकाळपर्यंत सोडायची नाही, असा तिचा नियम. व्यापाऱ्याच्या खळ्यावर, म्हणजे माल उतरवायच्या आवारात, कांदा ओतल्यावर खाली हलका माल निघाला, तर वांधा होतो; ट्रॅक्टर परत येतो आणि भाव पुन्हा ठरवायला जुनी पावती लागते. सर बाजारातच वाढलेले. वांध्यांची त्यांना फार धास्ती. पावतीची कच्ची आकडेमोडसुद्धा ते मला धरून ठेवायला लावत.

दुपारी बारापर्यंत डोकं भरे आणि मी गोठून जाई.

"डबा जेवाय गेला का तुमचा?" सायखेड्याच्या बयाबाई ट्रॅक्टरवरून विचारत.

"त्यानं आधीच लय खाल्लंय, आक्का," म्हणत फाटकावरचे खंडेराव मला बंद करून चालू करत. सकाळचं सगळं पुसलं जाई. माणसं पुन्हा उन्हात रांगेला.

शेवटी बाजार समितीने बजावलं, आणखी एकदा अडकला तर भंगारात.

तेव्हा सरांची विद्यार्थिनी शुभांगी आली.

"सर, शंभरात वांधे किती?"

"चार-पाच."

"मग बाकीच्यांची जागा का अडवायची? कच्ची आकडेमोड तर पावती छापली की संपली."

"अन् नेमकी पावतीच लागली तर?"

"खळ्यावरून माल बिनतक्रार उतरल्याचा निरोप येईपर्यंत ती धरायचीच. मग सोडायची."

सरांनी कळफलक तिच्याकडे सरकवला. "कर. पण चुकलं तर बयाबाईंना तोंड तू द्यायचं."

आज्ञावलीचं माझ्या बोलीत भाषांतर करणारा भाग तिने बदलला. काय क्षणापुरतं आणि काय टिकवायचं, हे तो आधीच ठरवू लागला. मोकळी झालेली जागा पुढच्या ट्रॅक्टरला मिळू लागली.

दुसऱ्या दिवशी बारा वाजले, दोन वाजले. मी चालत होतो. तीनला बयाबाईंचाच ट्रॅक्टर वांधा होऊन परत आला. खंडेरावांनी नंबर दाबला.

"हाय, आक्का. तुमची पावती हाय."

पुढे आठ वर्षं राबलो. मग मोठ्या स्मृतीचं नवं यंत्र आलं आणि मी पोत्याखाली गेलो. त्याच्यात जागा भरपूर, म्हणून त्याच्याकडून काहीच कोणी सोडवून घेत नाही. परवा तेही गोठलं.

मित्रांनो, काम करता करता कोणी थांबला, तर त्याला आळशी म्हणू नका. त्याला काय काय धरून ठेवायला सांगितलंय, ते आधी विचारा. आणि ज्याचं काम झालं, ते त्याच्या हातून हळूच काढून घ्या.