नाजमीन मॅडम होते तेव्हा

पुनम धुळ्याकडच्या खेड्यातली. शिक्षिकेच्या कोर्सचा सराव म्हणून महिनाभर तिला जळगावला, पिंप्राळ्यातल्या एका बालवाडीत पाठवलं होतं. दुसऱ्याच दिवशी ‘सगळे जण बसा’ऐवजी तिच्या तोंडून अहिराणीतलं ‘बठ्ठा जण बसा रे’ निघालं आणि बालवाडीच्या मुख्य महाजन मॅडम भडकल्या. "ही गावंढळ भाषा इथे नको!" म्हणत त्यांनी तिला तीस पोरांसमोर कान धरून उभं केलं.

पुनमने अपमान गिळला, पण पचवला नाही. ती नुसती बघत राहिली. मॅडम ‘चव बघते’ म्हणत पोरांच्या डब्यातला शिरा खायच्या, रडणाऱ्याला चिमटे काढायच्या. आणि मधल्या सुट्टीत पोरं खेळताना त्यांची हुबेहूब नक्कल करायची.

शेवटच्या दिवशी तिचा पाठ बघायला संस्थेचे अध्यक्ष आले. पुनमने तक्ते, चित्रं सगळं बाजूला सारलं.

"आज आपण शाळा-शाळा खेळू. नाजमीन, तू मॅडम हो."

चार वर्षांची नाजमीन खुर्चीवर चढली. तिने शेजारच्या पोराला करकचून चिमटा काढला, त्याच्या डब्यातला शिरा स्वतःच्या तोंडात कोंबला आणि बोट नाचवत ओरडली, "घरी सांगितलं तर अंधाऱ्या खोलीत कोंडेन!"

खोलीचं पुनमलाही ठाऊक नव्हतं. अध्यक्षांची मान हळूहळू मॅडमकडे वळली.

"मी नाही हो शिकवलं," पुनम गोड आवाजात म्हणाली. मग मॅडमच्या डोळ्यांत बघत तिने खणखणीत आवाज दिला, "बठ्ठा जण बसा रे!"

तीसच्या तीस पोरं बसली. पाठोपाठ महाजन मॅडमही.