वरचा डाव

मुलांनो, जरा डोळे मिटा. लालबागच्या चाळीतली एक लांबट खोली समोर आणा. भिंतीला पाठ लावून गिरणीतले दहा-बारा गडी जेवायला बसलेत. चुलीजवळ भलं मोठं पातेलं, त्यात काळ्या वाटाण्याचं सांबारं, आणि त्यावर लालभडक तवंग. तुम्हीही भुकेले आहात. पहिला डाव कुणाच्या ताटात पडतो, तिकडेच सगळ्यांची नजर. दिसलं?

दहा वर्षांच्या बकुळाला हे रोज दिसायचं. खानावळ तिच्या आईची, सुंदराबाईची. गडी सगळे कोकणातले, बायकामुलं गावाला ठेवून आलेले. खानावळ चांगली की वाईट, हे ते तवंगावरून ठरवत. म्हणून सुंदराबाई सांबाऱ्यावर वनस्पती तुपाची सढळ फोडणी सोडायची. सगळा तवंग ओढून घेणारा वरचा पहिला डाव मानकऱ्याचा असे. संयुक्त महाराष्ट्रासाठी सत्याग्रह करून बकुळाचे बाबा, राजाराम, तुरुंगातून सुटून आले, तेव्हापासून तो मान त्यांचा होता.

पुढे बाबांना मधुमेह निघाला. घरातला गूळ, साखर बंद झाली. "गोड गेलं, आता अंगात ताकद कुठून येणार?" म्हणत सुंदराबाई मायेने त्यांचं तूप वाढवत गेली. अशात गिरणीत साच्यावर कापड विणताना सुताचा धोटा उडून बाबांच्या पायावर बसला. अंगठ्याची जखम काही केल्या भरेना.

परळच्या इस्पितळात बकुळा त्यांच्यासोबत गेली. डॉक्टरीणबाईंनी पट्टी सोडली आणि त्यांचा चेहरा उतरला. "राजाराम, साखर खाली आली नाही, तर बोट कापावं लागेल. जखम वर चढली तर पायही जाईल."

"पण बाबा साखर खातच नाहीत!" बकुळा उसळून म्हणाली.

"मग काय खातात, ते तू सांग."

बकुळाने सगळं सांगितलं, वरच्या डावासकट. बाबा खिडकीबाहेर बघत राहिले.

"बकऱ्याची कलेजी बघितली आहेस ना?" बाई म्हणाल्या. "तसं आपलंही यकृत असतं, इथे उजवीकडे, बरगड्यांच्या आत. ते साखरेचं गोदाम. आपण उपाशी असलो की ते रक्तात साखर सोडतं. जेवलो की इन्शुलिन नावाचा निरोप्या येऊन सांगतो, साखर पुष्कळ झाली, आता दार लाव."

"मग बाबांचं दार का लागत नाही?"

"गोदामात चरबी कोंबली गेली की निरोप येतो, पण त्यावर अंमल होत नाही. यकृत साखर सोडतच राहतं. माणसाने साखरेचा कणही खाल्ला नाही तरी."

"म्हणजे दिल्लीसारखंच! आपण इथे मुंबईसाठी ओरडतोय, आणि तिथे कुणाला ऐकूच जात नाही."

बाई खळखळून हसल्या. मग म्हणाल्या, "सगळं कोडं आम्हालाही अजून सुटलेलं नाही. पण खूप चरबी चारलेल्या जनावरांवर इन्शुलिनचा असर कमी होतो, हे प्रयोगात दिसलंय. औषध चालू ठेवा आणि तूप आवरा. जखमेला भरायची संधी तरी द्या."

घरी येऊन बकुळाने हे सांगितलं, तर सुंदराबाई बिथरली. "माझ्या हातच्या तुपाने दुखणं होतं? मोठी आली शहाणी!"

बाबा हळूच म्हणाले, "मानाचा डाव नाकारला, तर गडी म्हणतील, राजाराम संपला."

रविवारी दुपारी पंगत बसली. आईचे हात भाकरीच्या पिठात होते, म्हणून वाढायला बकुळा उठली. बाबांनी ताट पुढे केलं. तिने डावाच्या पाठीने तवंग बाजूला सारला, डाव तळाला नेला आणि खालचे वाटाणे वर काढले.

"अगो बाय, वरून! वरून वाढ!" गुणाजी ओरडला. "मानकऱ्याला तळाचं वाढतेस होय गो?"

"वरून नाही वाढणार."

"मग तो डाव माझ्या ताटात घाल. मला काय साखरबिखर नाय."

"पण कलेजी आहे ना पोटात, गुणाजीकाका? का गावाला ठेवून आलात?"

पंगत हसली. बाबा मात्र हसले नाहीत. "बकुळा, वरून वाढ म्हणतो ना!"

"पोलिसांनी काठी उगारली, तेव्हा तुम्ही मागे सरलात का? मग मीही नाही सरणार."

"पाय माझा आहे, पोरी."

"पाय तुमचा. पण चालताना हात माझ्या खांद्यावर असतो."

बाबा ताट ढकलून उठायला गेले. दुखरा पाय टेकताच त्यात कळ उठली आणि ते भिंतीला धरून पुन्हा खाली बसले. पट्टी ओली झाली होती. आता सगळ्यांना ती दिसली. बाबांच्या शेजारी बसलेल्या धोंडूने हातातला घास ताटात ठेवला.

"सुंदरावैनी," तो म्हणाला, "आम्हाला कुणी सांगितलं नाही हो हे."

"सांगून काय झालं असतं?" सुंदराबाईचा आवाज चढला, पण डोळे भरले होते. "तवंग काढला तर उद्या तुम्हीच दुसरी खानावळ बघाल."

गुणाजीने मान खाली घातली. बाबांनी ताट उचललं. पुढे केलं नाही, मागेही घेतलं नाही.

बकुळाने फडताळातलं पितळी पातेलं ओढलं. सगळ्यांच्या देखत तिने तवंग डावाने काढला आणि त्यात ओतला. आईने "अगं!" म्हणून पिठाचा हात पुढे केला, तरी ती थांबली नाही. भरलेलं पातेलं तिने आपल्या पाठीमागे सरकवलं आणि डाव पुन्हा तळाला घातला. वाटाण्यांचा पहिला डाव तिने बाबांच्या ताटात वाढला. दुसराही तितकाच खालून काढून ती गुणाजीसमोर जाऊन उभी राहिली.