परेड चालू होती

खुर्च्या उस्तादांनी स्वतःच काढायला लावल्या होत्या. पुढे कोणी त्यांना तसं तोंडावर म्हटलं नाही, पण म्हणायची गरजही नव्हती.

मंडपवाल्याने सकाळी मैदानातल्या पांढऱ्या रेघेवर सात खुर्च्या मांडल्या होत्या. लढाईवरून परत आलेल्या शहरातल्या सात जणांचा सत्कार होता. एकाचा पाय गुडघ्याखाली नकली, एकाला ऐकू येत नव्हतं, पलटणीत आचारी असलेल्या एकाच्या डोक्याला मार होता. माणसं बसतील, असं मंडपवाल्याला वाटलं. कोणालाही वाटलं असतं.

"हे काय?" उस्ताद म्हणाले. "जेवायला आलेत का पंगतीला?"

"उभे राहतील का हो ते सगळे?"

"तू तुझे बांबू नीट उभे कर. माणसं मी उभी करतो."

सत्कार समितीचे अध्यक्ष शेजारीच होते. ते खूश होऊन हसले. "बघा, हे जुनं हाड! म्हणून तर तुम्हाला बोलावलं, उस्ताद. खुर्च्यांवर बसवले तर दवाखान्याबाहेरची रांग दिसेल नुसती."

उस्तादही हसले. सात खुर्च्या मंडपात गेल्या आणि त्यांवर समितीच्या लोकांचे पाहुणेरावळे बसले.

उस्तादांनी सव्वीस वर्षं पलटणीत कवायत शिकवली होती. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली तरी गल्लीत त्यांना कोणी नावाने हाक मारत नसे. त्यांच्या वेळचा नियम साधा होता. परेडमध्ये माणूस पडला तर तो पडलेला राहील, परेड संपेपर्यंत त्याला कोणी हात लावायचा नाही, डोळा वळवूनही बघायचं नाही. एकदा एक जण सरळ तोंडावर आपटला. पुढचे दोन दात डांबराला चिकटून राहिले आणि तो चाळीस मिनिटं तसाच पडून होता. ही गोष्ट उस्ताद घरी आल्यागेल्याला रंगवून सांगायचे. माणसं हसायची. बायको मात्र कधी हसली नाही. चहाचे कप उचलता उचलता ती दर वेळी एकच विचारायची, "मग त्याला पाणी कोणी दिलं?"

"अगं, परेड चालू होती."

"हो, पण पाणी कोणी दिलं?"

आता तिला जाऊन चौदा महिने झाले होते. उस्ताद गोष्ट सांगायचे, पण कप त्यांनाच उचलावे लागायचे.

सत्काराच्या आदल्या दिवशी दुपारी जेवताना जावई म्हणाला होता, "मामा, आता तसं नाही राहिलं. चक्कर आली तर एक गुडघा टेकायचा, असं शिकवतात आम्हाला. मागे दोघं जण स्ट्रेचर घेऊन उभे असतात. कोणी शिवी दिली, हात उचलला, तर त्याच्यावर चौकशी बसते."

"मग पुढच्या वर्षी पाळणे बांधा."

"आमच्या तुकडीतला एकही जण जागचा हलला नव्हता लढाईत," जावई शांतपणे म्हणाला आणि भाजी वाढून घेतली.

उस्तादांचा हा एकुलता एक जावई सातांपैकी एक होता. डाव्या मांडीत लोखंडाचा तुकडा शिरला होता, दोन ऑपरेशनं झाली होती, आत अजून टाके होते. डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहून दिलं होतं : दहा मिनिटांपेक्षा जास्त उभं राहायचं नाही. चिठ्ठी लेकीने फ्रीजवर चिकटवून ठेवली होती.

"बाबा, दहा मिनिटं," ती सकाळी निघताना म्हणाली. "अकरावं मिनिट नको."

"पाहुणे येणार, गुच्छ देणार, सात मिनिटांत आटोपतं. मी घड्याळ लावून बघितलंय. आणि तो माझ्या हाताखाली आहे ना?"

"म्हणूनच सांगतेय."

सराव चालू होता. अध्यक्ष रांगेवरून फिरत होते, बाजारात भोपळे बघावेत तसे. नकली पायाच्या माणसाला त्यांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडायला लावली आणि त्याला मधोमध घेतलं. आचाऱ्याच्या डोक्यावरचं बँडेज टोपीखाली झाकलं जात होतं, म्हणून टोपी काढायला लावली. जावयापाशी मात्र ते अडले.

"तुमचं काही दिसत नाही हो."

"पँटच्या आत आहे साहेब."

"तेच ना. निदान एक काठी तरी घ्या हातात."

"मला काठीची गरज नाही."

"तुम्हाला नसेल. फोटोला आहे."

जावयाने उस्तादांकडे बघितलं. उस्तादांनी नजर रेघेकडे वळवली आणि रेघ वाकडी आहे, असं काहीतरी बोलले. काठी आली. जावयाने ती हातात धरली, पण टेकवली नाही.

सव्वादहाला पाहुणे येणार होते. दहा वाजून दहा मिनिटांनी उस्तादांनी आवाज दिला, "सावधान!" ऐकू न येणारा त्यांच्या ओठांकडे बघत होता. सात जोडी टाचा एकदम जुळल्या. त्यातली एक लाकडासारखी वाजली आणि मंडपातून "वा!" असं आलं. उस्तादांची छाती फुगली, हे खोटं कशाला बोला?

सव्वादहा झाले. अध्यक्ष कानाशी येऊन म्हणाले, "गाडी पुलापाशी आली. सोडू नका हं त्यांना."

साडेदहालाही गाडी पुलापाशीच होती.

माणसं उघड्यावर होती, कारण फोटोवाल्याला उजेड हवा होता. मंडपात पंखे होते, समोर टेबलावर पाहुण्यांसाठी पाण्याच्या गार बाटल्या घाम सोडत होत्या. लोकांना वाट बघायचा कंटाळा आला, तसे ते रांगेपाशी यायला लागले. या सात जणांना हलायची मुभा नाही हे कळल्यावर तर गर्दीच झाली. कोणी मोबाइल समोर धरून त्यांच्या खांद्याला खांदा लावला. एका बाईने आपलं बाळ आचाऱ्याच्या तोंडासमोर धरलं, "हस ना रे, काकांबरोबर हस." एका सुटाबुटातल्या माणसाने वाकून नकली पायावर टिचकी मारली.

"प्लास्टिक आहे का हो?"

पायवाला समोर बघत राहिला. सावधान म्हणजे सावधान.

"बोलतही नाही बघा," तो माणूस बायकोला म्हणाला. "आणि किती जण मारले तिकडे? बोटांनी सांगा, बोटांनी."

उस्तादांनी त्याला हाताने बाजूला केलं. "मागे व्हा."

"अहो, आमच्याच वर्गणीतून चाललंय ना हे?"

पावणेअकरा. अध्यक्ष तिसऱ्यांदा पुलाचं सांगून गेले. जावयाची डावी पँट मांडीपासून खाली थरथरत होती, वाऱ्याने हलावी तशी. वारा नव्हता. काठी अजूनही जमिनीला टेकली नव्हती. कानामागून घाम कॉलरमध्ये जात होता. 'विश्राम' एवढा एक शब्द उस्तादांना म्हणायचा होता. पण गाडी कुठल्याही क्षणी येईल, आणि पाहुण्यांसमोर ढिली रांग? आयुष्यात ढिली रांग दाखवली नव्हती त्यांनी. आणखी दोन मिनिटं, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. दोनदा सांगितलं.

तेवढ्यात आचारी पडला.

आवाजही फार झाला नाही. पोतं टाकल्यासारखा तो बाजूला कोसळला, बँडेज बांधलेलं डोकं मातीत. जावई त्याच्या शेजारी होता. त्याने काठी टाकली आणि त्याला धरायला वाकला.

"हलायचं नाही!"

आवाज उस्तादांचाच होता. तो त्यांनी काढला नव्हता. सव्वीस वर्षांच्या सवयीने तो आपोआप आला होता. आणि जावई, अर्धा वाकलेला, तसाच पुन्हा सरळ झाला. वर येताना त्याचा चेहरा पांढरा पडला. मांडीवर पँटचं कापड काळं दिसायला लागलं, आधी नाण्याएवढं, मग तळहाताएवढं.

मंडपात टाळ्या पडल्या.

निवेदन करणाऱ्या बाईंनी माइक उचलला. "पाहिलंत रसिकहो? शेजारी सहकारी कोसळला, पण पापणी हलली नाही! याला म्हणतात शिस्त! एकदा जोरदार टाळ्या होऊन जाऊ द्या!" टाळ्या वाढल्या. पंचवीसतीस मोबाइल वर झाले. मातीत पडलेल्या माणसाच्या नाकातून रक्त येत होतं आणि लोक जागेवरून उठून उठून त्याचं चित्र घेत होते. बाळवाली बाई म्हणत होती, "मला नीट येत नाहीये, जरा बाजूला व्हा ना."

उस्तादांना लोकांची किळस आलीच. पण त्या टाळ्या आपल्यासाठी होत्या, आपल्या त्या एका ओरडण्याला होत्या, हे कळलं तेव्हा स्वतःचीही आली. आयुष्यभर हीच गोष्ट आपण घरी सांगत होतो. हेच लोक हसत होते. आणि एकच बाई कप हातात घेऊन विचारत होती.

ते वळले, थेट मंडपात गेले आणि प्रमुख पाहुण्यांच्या रिकाम्या खुर्चीसमोरची बाटली उचलली.

"अहो उस्ताद, ती पाहुण्यांची!" अध्यक्ष धावले. "गाडी गेटात आलीय! रांग बघा आधी!"

उस्ताद मातीत गुडघे टेकून बसले. आचाऱ्याचं डोकं त्यांनी मांडीवर घेतलं, तोंड पुसलं, ओठांना पाणी लावलं. तो डोळे उघडून पुटपुटला, "माफ करा, उस्ताद."

"गप. पाणी पी."

मग त्यांनी मान वर करून बाकीच्यांना सांगितलं, "बसा रे सगळे."

कोणी बसलं नाही. परेडच्या रेघेवर बसायचा हुकूम त्या सहांनी कधी ऐकलाच नव्हता, आणि उस्तादांनी दिला नव्हता. तो कुठल्या सुरात द्यायचा, हेही त्यांना माहीत नव्हतं.

"अरे बसा बाबांनो," ते म्हणाले. "हात जोडतो."

पहिल्यांदा पायवाला बसला. मग ऐकू न येणारा, त्याच्याकडे बघून. जावई सगळ्यात शेवटी, डावा पाय पुढे सरळ ठेवून, दोन्ही हातांवर भार देत खाली आला.

बँड वाजला. पाहुणे आले. सगळं मैदान उठून उभं राहिलं आणि रेघेवर आठ माणसं मातीत बसलेली होती. अध्यक्ष दातांतल्या दातांत म्हणाले, "उठवा त्यांना. माझं नाक कापताय तुम्ही." उस्ताद बाटलीचं झाकण लावत राहिले. पहिल्या ओळीत नकली पायावर टिचकी मारणारा सुटाबुटातला माणूस बायकोला सांगत होता, "शिस्त राहिली नाही हो आता."

पलीकडून लेक येत होती. दोन्ही हातांत एकेक खुर्ची. उठून उभ्या राहिलेल्यांच्या पाठीमागून तिने त्या ओढून आणल्या होत्या, मागून एक जण ओरडतही होता. तिने एक खुर्ची आचाऱ्यापाशी ठेवली, एक नवऱ्यापाशी. त्याच्या काखेत हात घालून त्याला वर बसवलं, मांडीवरचं ओलं कापड बघितलं, घड्याळ बघितलं. मंडपवाला आणखी दोन खुर्च्या घेऊन आला आणि त्यातली एक त्याने उस्तादांकडे सरकवली.

"त्यांना नको," लेक म्हणाली. "बाबा, तुम्ही खालीच बसा."

उस्ताद खालीच बसले.