हर्षालीच्या पथ्याचं उद्यापन

दोन हजार पाच साली आमच्या वाडीच्या दूध सोसायटीच्या चेअरमननं दूध सोडलं. चहा कोरा, भात ताकाशिवाय, श्रावणातली खीर ताटाबाहेर. हे चेअरमन म्हणजे आमचे मालक, हौशीराम. नवऱ्याचं नाव घेऊ नये हे मी पन्नास वर्षं पाळलं, पण ही गोष्ट त्याशिवाय सांगता येत नाही.

वाडी मढच्या पुढं, माळशेजच्या रस्त्याला. चाळीस उंबरे आणि माणसांहून जास्त म्हशी. तिथं दूध सोडायचं म्हणजे मासळीनं पाणी सोडण्यातला प्रकार. सोडलं ते नातीपायी.

हर्षाली तेव्हा सहा वर्षांची होती. बोलायची नाही, हाकेला वळायची नाही. डेअरीतल्या कॅनची झाकणं मात्र एका ओळीत मांडायची, आणि कुणी एक हलवलं की आकाशपाताळ एक करायची. पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, ऑटिझम आहे, धीरानं शिकवत राहा. ते आम्ही ऐकलं असतं तर ही गोष्ट झालीच नसती. पण तिथंच कुणीतरी माझ्या सुनेला, वृषालीला, आहार सांगणाऱ्या एका बाईंचा पत्ता दिला. त्या म्हणाल्या, दूध आणि गहू सहा महिने बंद ठेवा, मग बघा पोरगी कशी बोलते. सोबत एक रंगीत कागद दिला. त्यावर दुधाचा कप आणि चपाती, दोन्हींवर लाल फुली.

हर्षाली तोवर दोनच गोष्टी खायची. दूध आणि चपाती. एकात दुसरी कुस्करून.

कागद भिंतीला लावला त्या सकाळी मालक नारळ घेऊन देवापुढं बसले.

"मामंजी, हे दवाखान्यासारखं पथ्य आहे," वृषाली म्हणाली. "नारळ कशाला?"

"पथ्य म्हंजी सोडणंच की. माझ्या आईनं काशीत वांगं सोडलं व्हतं, मरेस्तोवर शिवली न्हाई. आन् लेकरानं सोडायचं, आपण त्याच्याम्होरं वरपायचं? घरानं सोडायचं."

नारळ फुटला आणि पथ्याचं व्रत झालं. मीही हात जोडले. आमच्याकडे घरात एकटं कुणी काही सोडत नाही.

पहिले आठ दिवस हर्षाली कागदासमोर उभी राहून रडली. नवव्या दिवशी तिनं दोन्ही फुल्यांवरून बोट फिरवलं आणि गप्प झाली. तिला पटलं. तिला एकदा पटलं की ब्रह्मदेव आला तरी बदलत नाही. मग तिनं आपलं आपण ठरवलं काय खायचं ते. चुरमुरे, केळं आणि पांढरा भात. भाजी दाखवली तर ताट उलटं.

त्याचा जो व्हायचा तो परिणाम झाला. पोट साफ होईना. दोन दिवस गेले, चार गेले. शेजारची बयाबाई कुडावरून डोकावून रोज विचारायची, "झाली का गं?" मग सगळी वाडीच विचारायला लागली. दूध घालायला येणारा माणूस कॅन खाली ठेवायच्या आधी विचारी, "झाली का?" एकानं मनुका आणल्या, एकानं पपई, बयाबाईनं एरंडेलाची बाटली. हर्षालीनं सगळं थुंकून दिलं. शेवटी जुन्नरच्या बालडॉक्टरांनी औषध दिलं आणि सातव्या दिवशी पोरीची सुटका झाली. सोसायटीचे सेक्रेटरी सावळेराम यांना इतका आनंद झाला, की पेंड आल्याची वर्दी द्यायचा भोंगा त्यांनी लावला आणि वाडीभर सांगितलं, "हर्षालीची झाली." वृषाली महिनाभर त्यांच्याशी बोलली नाही.

पण पोट हे एक झालं. पोरगी वाळत चालली हे खरं दुखणं. दर सोमवारी आम्ही तिला डेअरीच्या काट्यावर उभी करायचो. पथ्याच्या आधी एकोणीस किलो होती. दिवाळीला साडेसतरा. फ्रॉक खांद्यावरून उतरायला लागला. मालक काट्यावरचा आकडा पुन्हा पुन्हा पुसून बघत, जसा काही तो काचेवर बसलेला डाग होता.

इकडे सोसायटीच्या मीटिंगला चेअरमन कोरा चहा पितात हे शेजारच्या गावच्या पाव्हण्यांनी पाहिलं. आठवड्यात बोलवा उठली, की चेअरमन स्वतःचंच दूध पीत नाही म्हणजे दुधात काहीतरी आहे. निम्मी माणसं दूध दुसरीकडं घालायला लागली.

सावळेराम हात जोडून आले. "आप्पा, एक कप प्या. लोकांम्होरं. एकच."

"सोडलंय मी."

"तुमी दूध सोडलं, आता लोक आपल्याला सोडत्यात."

"सोडू द्या. शबूद हाय देवाला."

त्याच संध्याकाळी मी शेण काढायला गोठ्यात गेले, तर मालक म्हशीमागं बसून तांब्यानं धारोष्ण दूध पीत होते. मिशी पांढरीशुभ्र. मी काही बोलले नाही, कारण दुपारीच बयाबाईकडं दोन चपात्या खाऊन आले होते. मुलगा गोरख आळेफाट्याला गॅरेजात होता, तो रोज मिसळीबरोबर पाव खायचा. खरं व्रत पाळत होती ती एकटी हर्षाली.

पाचव्या महिन्यात जुन्नरच्या डॉक्टरांनी तिला पाहिलं. वजन सोळा. त्यांनी वृषालीला विचारलं, "पथ्यानं काय फरक पडला?"

"तीन किलोंचा," ती म्हणाली.

डॉक्टरांनी पथ्य बंद करायला सांगितलं. दूध अर्ध्या कपानं सुरू करा, चपाती थोडी थोडी द्या, पण हे वजन आता खाली जाता कामा नये.

घरी येऊन वृषालीनं दूध-चपाती कुस्करून पुढं ठेवली. आम्ही सगळे भोवती बसलो. हर्षालीनं वाटीकडं पाहिलं, उठली, आईचं बोट धरून भिंतीपाशी नेलं आणि कपावरच्या फुलीवर टेकवलं. मग वाटी लांब सारली. वृषालीनं कागद काढला तर ती भिंतीवर डोकं आपटायला लागली. कागद परत लावावा लागला. असे तीन दिवस गेले. आता तिनं केळंही सोडलं होतं.

"उद्यापन केल्याबिगर सोडलेलं धरता येत न्हाई," मालक म्हणाले. "लेकराला कळतंय, तुमाला कळंना."

नारळाला नको म्हणणारी वृषाली चुलीपुढं बसली होती. "करा मामंजी. भोंगा लावून करा."

डेअरीच्या पुढच्या पटांगणात चाळीस घरांची पंगत बसली. खीर आणि चपाती. रिवाज असा, की ज्यानं व्रत केलं त्यानं पहिला घास घ्यायचा, मग पंगतीनं. हर्षाली पाटावर बसली, वाटी सारली आणि कॅनची झाकणं मांडायला निघून गेली. पंगत बसून राहिली. खिरीवर साय धरली. माशा आल्या, त्या तेवढ्या जेवल्या.

"धा झाकणं ऱ्हायलीत अजून," बयाबाई म्हणाली.

"मोजू नगं. बस गप," सावळेराम म्हणाले.

मी कलशाशेजारी तो कागद मांडला होता, कारण व्रताची वस्तू पूजेत लागते. मांडलेल्या प्रत्येक वस्तूला हळदकुंकू लावत गेले. कागदालाही लावलं, कपाला एक, चपातीला एक. मला तेव्हा मोतीबिंदू होता, बोट जरा जास्तच बुडालं. मी हे हुशारीनं केलं असं लोक अजून सांगतात. मला काही दिसत नव्हतं.

हर्षाली झाकणं संपवून आली. कागदाशी थांबली. बोटानं फुली शोधायला लागली. फुलीच्या जागी लालभडक गोल ठिपका होता. तिनं कागद तिरपा केला, उलटा केला, सुलटा केला. मग आपला दुधाचा कप आणला आणि माझ्यापुढं धरला. मी बघत राहिले तसं तिनं माझं बोट धरून कुंकवात बुडवलं आणि कपावर टेकवलं.

आणि प्यायली. अर्धा कप, डॉक्टरांनी सांगितलं तेवढाच. नंतर ताटाच्या काठाला ठिपका लावून घेऊन चतकोर चपाती खाल्ली.

वृषालीनं तोंडाला पदर लावला. मालकांनी घाईनं आपली वाटी उचलली, तशी हर्षालीनं ती हिसकून घेतली. तिच्यावर ठिपका नव्हता. कुणाच्याच वाटीवर नव्हता. तिनं माझं बोट धरलं आणि मला पंगतीच्या पहिल्या माणसापाशी नेलं.

दोनशे माणसं. मी ओणवी होऊन एकेका वाटीला कुंकू लावत गेले, आणि ठिपका बसेपर्यंत ती कुणाचा हात वाटीला लागू देईना. "काकू, माझ्या वाटीला जरा लवकर येवा," सावळेराम लांबून म्हणाले, "सकाळधरनं उपाशी हाय." दुपारचे चार वाजले. पण चेअरमननं भर पंगतीत तीन वाट्या खीर ओरपली, ते शेजारच्या गावच्या पाव्हण्यांनीही पाहिलं. दुसऱ्या दिवशी गेलेले कॅन परत आले. हर्षाली दारात उभी होती, म्हणून प्रत्येकावर ठिपका काढून आणलेला.

ती बोलायला लागली ती पुढं चार वर्षांनी, शिकवून शिकवून, थोडंथोडं. पथ्याचा त्यात काही संबंध नाही.

उद्यापनानंतरच्या सोमवारी आम्ही तिला काट्यावर उभी करायला गेलो तर ती चढेना. मी कुंकवाची डबी घेऊन गेले, काट्याच्या काचेला एक ठिपका लावला, तेव्हा चढली. मालकांनी ठिपक्याच्या बाजूनं मान वाकडी करून आकडा वाचला. सोळा किलो चारशे.