उबेच्या टोकाचा पाहुणा

गांगवोनच्या डोंगरात त्या वर्षी थंडी अगदी लाज सोडून आली. किमचीचे, म्हणजे कोबीच्या लोणच्याचे, रांजण अजून जमिनीत पुरायचे होते आणि अंगणातल्या बादलीत पाण्यावर बर्फाची साय धरलेली. ओक्बुनला धडकी भरली ती किमचीपायी नाही. तिची पाच वर्षांची सुक्ही खोकून खोकून निळी पडत होती, आणि खोलीची जमीन काही केल्या तापत नव्हती.

चूल पेटवली की जाळ आणि धूर खोलीखालच्या दगडी नळ्यांतून फिरून मागच्या धुराड्यातून बाहेर पडायचा. यंदा धूर उलटा फिरून ओक्बुनच्या तोंडावर येत होता. नळ्या काजळीने तुंबल्या होत्या. मागच्या हिवाळ्यात सुक्हीचा धाकटा भाऊ याच गार जमिनीवर गेला. नवरा दूर कोळशाच्या खाणीवर, येणार तो थेट नव्या वर्षाला. तोवर वाट बघायची ओक्बुनची तयारी नव्हती.

जमिनीचे दगड बसवणारा म्हातारा दोल्स्वे आला, चुलीत डोकावला आणि उकिडवा बसून पाईप ओढू लागला.

"काम अर्ध्या दिवसाचं आहे, सुक्हीच्या आई. पण आज नाही. पाहुणा पूर्वेला आहे, आणि तुमची चूलही पूर्वेला."

हा पाहुणा म्हणजे कोण, ते तिथल्या लेकरालाही ठाऊक. त्याचं नाव कोणी घेत नाही. दोन-दोन दिवस एकेका दिशेला फिरतो. तो असेल तिकडचा दगड हलवायचा नाही, खिळा ठोकायचा नाही, नाहीतर घरावर संकट येतं. तो दिशा बदलली तरी भरवसा नको, म्हणून महिन्याच्या नवव्या दिवशी तो आभाळात गेला की मगच लोक घराची कामं काढतात.

"नववा दिवस उजाडेपर्यंत पोरीने खोकत बसायचं?"

"मलाही नातवंडं आहेत, बाई," म्हणून दोल्स्वे निघून गेला.

ओक्बुनने पहार उचलली. सासू दारातच उभी होती. म्हातारी मुलखाची फटकळ. उभ्या गावात तिने कुणाला 'अहो' म्हटल्याचं कोणाला आठवत नव्हतं.

"दगडाला हात लावू नकोस, सांगून ठेवते."

"मग तुमच्या पाहुण्यालाच सांगा ना आई, चूल पेटव म्हणावं."

"पाहुणा चूल पेटवत नाही गं. येतो आणि निजतो."

ओक्बुनने जमिनीवर चिकटवलेला तेलकागद सोलला, माती फोडली आणि चुलीकडचा मोठा सपाट दगड पहारीने उचकटला. खालून उबदार वारा आला. तिला आधी बरंच वाटलं. मग आठवलं, चूल कालपासून विझलेली होती. पण पोर खोकत होती, तेव्हा तिने बांबूला पेंढा बांधून टोपल्या भरभरून काजळी ओढली, दगड बसवला, फटी लिंपल्या आणि पाइनच्या काटक्या पेटवल्या.

धुराड्यातून धूर सरळ वर गेला. माती वाळली, कागद बसला, खोली हळूहळू तापत गेली. चुलीजवळचं टोक तेवढं गार राहिलं. सगळ्यात जास्त ऊब तिथे, म्हणून घरातल्या वडीलधाऱ्याची नाहीतर आल्यागेल्या पाहुण्याची जागा तीच. आणि तिथेच एक माणूस मावेल एवढा पट्टा विहिरीच्या तळासारखा गार. दोल्स्वेने येऊन त्यावर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला.

"जाळ तर पहिला इथेच येतो," एवढंच तो म्हणाला. चहाला थांबला नाही.

ओक्बुनने हट्टाने सुक्हीचं अंथरूण तिथेच घातलं. पोर पडली आणि कडेला सरकली.

"आई, इथे जागा नाहीये."

दुसऱ्या दिवशी गारठा भिंतीपर्यंत गेला, तिसऱ्या दिवशी अर्धी खोली गिळून बसला. पाहुणा हातपाय पसरत होता. सुक्हीला ताप चढला आणि खोकायचंही त्राण उरलं नाही. ओक्बुन सासूच्या पाया पडली.

"चुकलं माझं. त्याला जा म्हणा."

"पाहुण्याला जा म्हणायची आपली रीत आहे का?" सासू म्हणाली, पण नेहमीसारखी खेकसली नाही. "जेवू घालायचं, आणि पोचवायला जायचं."

दुपारी म्हातारीने धुतलेले पांढरे कपडे घातले. छोट्या मेजावर भात, मुळ्याचं सूप, सुकी मासळी मांडून मेज त्या गार पट्ट्यासमोर ठेवलं आणि स्वतः खाली मान घालून बसली. भाताची वाफ वर न जाता जमिनीकडे वाकत होती. वाफ थांबली तशी सासू उठली.

"पोचवायला मी जाते, आई. दगड मीच उचलला."

"उचललास तू. पण घरातली मोठी मी आहे, तो मलाच मानणार. तुझी पोर लहान आहे, गप बस."

म्हातारी बाहेर पडली. पायवाटेच्या एका अंगाने चालत होती, शेजारी जागा ठेवून. "सांभाळून या हं," ती म्हणत होती. "इथे दगड आहे. आमच्याकडून काही कमी पडलं असेल तर पोटात घाला." इतक्या अदबीने ती बोलू शकते हे ओक्बुनला माहीत नव्हतं. ती मागे धावणार तेवढ्यात आतून सुक्हीची हाक आली.

"आई, इथे गरम झालं."

ओक्बुन वळली, जमिनीवर हात टेकला. चटका बसला. पुन्हा दाराशी आली तेव्हा वळणावर कोणी नव्हतं.

दिवेलागणीला दोल्स्वेला म्हातारी सापडली, गावाच्या वेशीवरच्या कोरीव खांबाला टेकलेली, पलीकडच्या रस्त्याकडे तोंड करून. तिच्यात जीव नव्हता. चौघांनी तिला घरी आणलं. उबेचं टोक आता तिचं होतं, रीतीप्रमाणे तिला तिथेच ठेवायला हवं होतं. पण तिथे सुक्ही गाढ झोपली होती, कपाळाला घाम सुटला होता, श्वास मोकळा चालला होता.

ओक्बुन हमसून हमसून रडली. त्या उबेचा तिला मनापासून राग आला. मग तिने लोकांना सासूला चुलीपासून लांबच्या गार टोकाला ठेवायला सांगितलं, आणि चुलीत आणखी दोन ओंडके सारले.