दाढीच्या ब्रशाने धरलेले भोपळे

उत्तनला सकाळी सहा वाजता गर्दी जमते ती मासळी आली तर, नाहीतर कुणी गेलं तर. त्या सोमवारी मात्र विल्माच्या वाडीच्या कुंपणाला पन्नासेक माणसं लटकली होती, मुठीएवढे भोपळे बघायला. दोन हंगाम कळ्या पिवळ्या पडून गळत होत्या, आणि आता पुढच्या तीन ओळींत वेलागणिक भोपळा!

चमत्कार परागमहाराजांचा. महाराज इंद्रलोकातून आलेले. म्हणजे भाईंदर पूर्वेच्या इंद्रलोकातून, सातव्या मजल्यावरून. आठवड्यापूर्वी उजाडताना त्यांनी त्या ओळींवर मोरपीस चालवलं होतं. लांब देठाच्या फुलात पीस फिरवायचं, "पाप उचललं!" मग बुडाशी गोळा असलेल्या फुलात फिरवायचं, "पुण्य सोडलं!" उचललेल्या पापाचं वाटेत पुण्य कसं होतं, हे कुणी विचारलं नाही.

"बाकीच्या ओळींचं काय, महाराज?" मायकेलने, म्हणजे विल्माच्या नवऱ्याने, हात जोडले. त्याआधी गळ्यातला क्रूस शर्टाच्या आत सारला.

"सावली आहे, बेटा. जांभळावरचं ते मोहोळ दिसतं? चेटकिणीचं तोंड आहे ते. रविवारी जाळा." महाराज समंजस होते. "चर्चमधली मिस्सा सुटल्यावर जाळलंत तरी चालेल."

इमारती उठत गेल्या तशी आसपासची सगळी मोहोळं औषध मारून उतरवली गेली होती. हे शेवटचं.

"माशी ऱ्हाऊ दे," विल्मा म्हणाली.

"तुला भोपळे हवेत का माश्या?" मायकेल खेकसला.

गर्दी पांगल्यावर विल्मा एकेक वेल तपासत गेली. तिसऱ्या ओळीच्या टोकाच्या दोन वेलांना मात्र एकही भोपळा नव्हता. तिला आठवलं: तिथवर आल्यावर महाराजांना फोन आला होता. त्या दोघांना पीस लागलं नव्हतं, लांबून नुसता मंत्र मिळाला होता.

म्हणजे पिसाविना मंत्र चालत नाही. मग मंत्राविना पीस? मोरपीस नव्हतं. मायकेलचा दाढीचा ब्रश होता. दुसऱ्या दिवशी उजाडताच तो घेऊन ती चौथ्या ओळीत शिरली.

रविवारी मिस्सा सुटली. मायकेल टेंभा घेऊन पुढे, महाराज मागे, गाव त्यांच्या मागे.

"आधी चौथी ओळ बघा," विल्मा वाटेत उभी राहिली.

वेलागणिक भोपळा.

"मायकेलच्या दाढीच्या ब्रशाची करणी. मंत्र न्हाय, उपास न्हाय. मी तर बोंबील खाऊन गेलेले."

"तरी म्हटलं, फेस पिवळा का येतोय!" मायकेल गालावरून हात फिरवत म्हणाला.

महाराज सावरले. "माझीच शक्ती ब्रशात उतरली."

"बरं. तुमच्या नावाचा अर्थ काय हो?"

"पराग? म्हणजे... सुगंध."

"शाळेत न्हाय गेलात? पराग म्हणजे फुलातली ही पिवळी पूड. लांब देठाचं फूल नर, गोळावालं मादी. पूड हिकडची तिकडं गेली की फळ धरतं. तुमचं पाप नि पुण्य एवढंच. माशी हेच काम करते, आरती न करता. म्हणून तर ती तुम्हाला जाळायची हाय. माशी ऱ्हायली तर तुम्हाला कोण बोलावेल?"

"पण माशी असून कळ्या गळल्या कशा?" शेजारच्या जेसनने शंका काढली.

"एकच मोहोळ उरलंय, आणि हा माझा नवरा सकाळी सातला, फुलं उघडी असताना, औषधाचा फवारा मारतो. फुलावर बसेल ती माशी मरते."

सगळे मायकेलकडे बघू लागले. त्याने टेंभा पाण्याच्या पिंपात बुडवला. फुस्स झालं. महाराजांना नेमका तेव्हाच पुन्हा फोन आला, आणि बोलत बोलत ते थेट बस स्टॉपपर्यंत गेले.

भोपळा, काकडी, कारलं, आंबा: आपल्या ताटातलं बरंच काही माशीच्या पायांना चिकटून येतं. माश्या संपल्या तर गावोगावी दाढीचे ब्रश घेऊन शेतात उभं राहावं लागेल, आणि तेवढ्या दाढ्या देशात नाहीत. तेव्हा मोहोळ राहू द्या, उमललेल्या फुलावर फवारू नका. आणि ज्याला हे पटत नसेल त्याने एका वेलाला मंत्र द्यावा, दुसऱ्याला ब्रश, आणि आठ दिवस थांबावं. तेवढी अक्कल कुणाच्या कृपेने मिळवावी लागत नाही. ती घरचीच असते.